पुढचा आवाज, मागचा आवाज

"मिस्त्री, मागचं वाजलं पाहिजे. पुढचं नसलं तरी चालंल."

१९८६ साली पौडला गाळा घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका जीपवाल्याने मला हे सांगितलं. गाडी वडापची होती. कोथरूडहून पौड, तिथून मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीच्या अलीकडच्या वाड्यांपर्यंत माणसं न्यायची. मागे समोरासमोर दोन बाकडी आणि त्यांवर दाटीवाटीने बसलेली दहा-बारा माणसं. ज्या जीपमधून गाणं ऐकू येतं तिच्यात माणूस आधी चढतो, अशी चालकांची पक्की समजूत होती. त्यामुळे स्पीकर मागच्या टपाला, तोंड प्रवाशांकडे. चालकाच्या वाट्याला फक्त धपधप यायची.

मी चार वर्षं बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, एका कारागिराच्या हाताखाली काढून आलो होतो. मोटारीतला आवाज कुणासाठी, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नसे. तो मला मुळशीच्या रस्त्याने शिकवला.

मोटारीत रेडिओ आला तेव्हा पुढे-मागे हा प्रकारच नव्हता. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला 'मोटोरोला' नाव दिलं. स्पीकर एकच होता. आपल्याकडे अँबॅसिडर आणि फियाटमध्येही पुष्कळ वर्षं तसंच होतं. डॅशबोर्डात एक स्पीकर, पत्र्याबाहेर एरियलची काडी, आणि रेडिओचं लायसन्स काढायला पोस्टात जायचं. मागच्या सीटवाल्यांसाठी वेगळा स्पीकर देण्याची टूम अमेरिकेतलीच. १९६०च्या दशकात तिथे मागच्या स्पीकरला स्प्रिंगमधून घुमवलेला आवाज देत, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या सभागृहाचा भास. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि पाच वर्षांत तिचा टेप मोटारीतही बसवला. कॅसेटबरोबर स्टिरिओ आला, म्हणजे डावा आणि उजवा. चार स्पीकर लावले तरी आवाजाच्या वाटा दोनच. त्या पुढे आणि मागे किती वाटायच्या, हे ठरवायला बटण हवं. ते बटण म्हणजे फेडर. डावी-उजवीकडचं ते बॅलन्स, पुढे-मागचं ते फेडर. गिऱ्हाईक दोन्हीला बॅलन्सच म्हणे, आणि मीही भांडत बसलो नाही.

माझ्या हाताखालून गेलेले पहिले फेडर टेपच्या आत नसत. डॅशबोर्डाखाली पत्र्याची छोटी पट्टी, तिच्यावर एक जाड गोल बटण, आत चिनी मातीवर गुंडाळलेली तार. टेपची वायर मधल्या काट्याला, एक टोक पुढच्या स्पीकरला, दुसरं मागच्या. बटण पुढे फिरवलं की मागच्या वाटेवर तार वाढायची आणि आवाज मरायचा. मधोमध ठेवलं तर दोन्ही वाटांवर थोडा थोडा अडथळा. मुळात आमच्या टेपांत ताकद ती किती! टीबीए ८१० नाहीतर ४४४० नंबरची आयसी, चॅनेलमागे पाच-सहा वॅट. त्यातलेही काही वॅट त्या तारेत जळून जायचे. लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीत त्या पट्टीला हात लावला तर चटका बसे.

दुसरी अडचण पावसाची. जूनच्या मध्यावर ताम्हिणीकडे जो पाऊस लागतो तो ताडपत्रीला जुमानत नाही. पाणी मागूनच आत येतं, आणि मागेच तर स्पीकर. तेव्हाचे कोन कागदी. भिजले की पापडासारखे मऊ पडत, वाळले की वाकडे होत आणि कॉइल घासू लागे. गणपतीच्या आधी जीपवाल्यांची माझ्याकडे रांग लागे. मागचे स्पीकर बदलायचे, पुढचे तसेच. दोन-तीन पावसाळे गेले की एकाच गाडीत चार जातींचे चार स्पीकर. कुणी चार ओहमचा, कुणी आठचा, कुणी जुन्या रेडिओतून काढलेला. अशा गाडीत फेडरचा काटा मधोमध ठेवून काही साधत नाही. तिथे कानच लागतो.

म्हणून माझ्या खिशात कायम दीड व्होल्टचा सेल असे. स्पीकरच्या दोन टोकांना सेलची दोन टोकं क्षणभर टेकवायची. 'टक' असा आवाज येतो आणि कोन हलतो. बाहेर उसळला तर सेलचं अधिक जिथे टेकलं तेच स्पीकरचं अधिक. आत गेला तर उलटं. स्पीकरच्या अधिक टोकाला लाल रंगाचा ठिपका द्यायचा. हे न करता वायरी जोडल्या आणि एक स्पीकर उलटा लागला, तर एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि ढोलकीचा सगळा भरणा नाहीसा होतो. कितीतरी गिऱ्हाइकं "मागचे गेले" म्हणत आली आणि दोन वायरींची अदलाबदल करून परत गेली. त्याचे मी पैसे घेतले नाहीत.

एकदा मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. जुन्या जीपमध्ये स्पीकरला एकच वायर जाई, दुसरं टोक बॉडीला. तशीच वायरिंग असलेल्या ट्रॅक्स गाडीत मी गिऱ्हाइकाने आणलेला नवा चार चॅनेलचा डेक लावला. त्या डेकच्या स्पीकरची एकही वायर बॉडीला चालत नाही, दोन्हींत आवाज असतो. किल्ली फिरवली आणि जळका वास आला. डेक मी भरून दिला. त्यानंतर जुनी वायरिंग पूर्ण उपटल्याशिवाय नव्या डेकला हात लावला नाही. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि पट्ट्याची ती वजा. हे रंग आता मला झोपेतही आठवतात.

फेडर कसा लावायचा हे मी आकाशवाणीवर शिकलो. पुणे केंद्राची मीडियम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्झ, एफएम डोंगराआड गेलं तरी आमच्याकडे लागते. बातम्यांत एकच आवाज, ना तबला ना पेटी. मी चालकाच्या जागी बसे आणि मागचे स्पीकर पूर्ण बंद करी. बातम्या देणारा डॅशबोर्डवर समोर बसलेला वाटला पाहिजे. मग मागचा आवाज हळूहळू वाढवायचा. एका ठिकाणी तो माणूस उठून मागच्या सीटवर जाऊन बसतो. तिथून बटण थोडं पुढच्या बाजूला फिरवायचं की झालं.

यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. पुढचा स्पीकर जवळ, म्हणून तो आधी पोचतो, आणि कान जो आधी आला त्याचीच दिशा धरतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली हे मोजून दाखवलं. मागून येणारा आवाज थोडा मोठा असला तरी कान फसत नाही, फारच मोठा झाला की फसतो. मारुती ८०० आणि नंतरच्या गाड्यांत नेमकं हेच झालं. मागच्या काचेखालच्या फळीवर थाळ्याएवढे सहा-नऊ इंचांचे लंबगोल स्पीकर, पुढे चार इंचांचे. गाडीत बसलं की गायिका मानेमागे उभी.

आता डेकमध्ये पडदा आहे आणि प्रत्येक स्पीकरला मिलिसेकंदांनी उशीर देता येतो. माझा मुलगा फोनवर माप घेऊन सेटिंग करतो आणि ते चांगलं करतो. पण पावसाळ्यात मुळशीकडे येणाऱ्या पुण्याच्या गाड्यांत मला एक वेगळीच गोष्ट दिसते. पोरं मागचे स्पीकर पूर्ण बंद करून टाकतात, कारण कुठेतरी त्यांनी ऐकलेलं असतं की खरा आवाज पुढचाच. चालवणाऱ्याला ते ठीक आहे. मागे आजी बसलेली असते, तिला नुसता गुणगुणाट येतो आणि ती बोलून दाखवत नाही. वडापच्या काळात चालक उपाशी राहायचा, आता मागचे राहतात.

तेव्हा सेटिंगला गाडी घेऊन याल, तेव्हा मागे बसणारी माणसंही बरोबर घेऊन या. पाच मिनिटं त्यांनाही गाणं ऐकवू, आणि बटण कुठे थांबवायचं ते त्यांना विचारूनच ठरवू.