औंधचे नमस्कार, घरची तालीम

माझ्या शाळेतल्या मुली हल्ली मोबाइलवर व्हिडिओ लावून घरीच जोर मारतात. व्यायामशिक्षिका म्हणून मला याचा मनापासून आनंद होतो, आणि औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची आठवण होते.

१८६८ साली जन्मलेले भवानराव तरुणपणी प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. १९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले. छायाचित्रांसह पुस्तके काढली. १९३८ साली लुईस मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तक समोर ठेवून कुणीही घरी शिकावे, हीच त्यामागची तळमळ.

तालमीला आखाडा हवा, वस्ताद हवा, आणि त्या काळी बायकांना तर तिथे मज्जावच होता. नमस्काराला सतरंजीपुरती जागा पुरते. भवानरावांनी तो स्त्रियांनीही करावा, असा आग्रह धरला; राणीसाहेबही नमस्कार घालीत. मला त्यांचे हे काम सर्वांत मोठे वाटते.

जोर असो की नमस्कार, हातांवर भार पेलत छाती जमिनीकडे नेताना आणि पुन्हा उचलताना खांदे, छाती आणि दंडाचे मागचे स्नायू राबतात. पण छायाचित्राला तुमची चूक दिसत नसे, व्हिडिओलाही दिसत नाही. म्हणून मी मुलींना सांगते: सुरुवातीला आईला किंवा बहिणीला शेजारी उभे करा, कंबर खाली झुकते का ते पाहायला सांगा. संख्या त्यानंतर वाढवा.