स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन: धोका आधी कसा ओळखतात?

सर्जन म्हणतात, "ऑपरेशन करता येईल, पण धोका आहे." घरी कोणी घाबरून नको म्हणतो, तर कोणी घाईने सही करतो. सही करण्याआधी लक्षात घ्या, की हे धोके दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला धोका ऑपरेशनचा. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया करतात. तो भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढून उरलेले अवयव आतड्याला पुन्हा जोडतात. स्वादुपिंडाचा जोड गळला तर रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून सर्जन पहिल्या ९० दिवसांचा हिशेब वेगळा मांडतात.

दुसरा धोका आजाराचा. ऑपरेशन उत्तम झाले, पण स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी आधीच यकृतात पोचल्या असतील तर काही महिन्यांतच आजार उलटतो. रुग्णाच्या वाट्याला त्रास येतो, फायदा नाही.

पहिल्या धोक्यात केवळ वय पाहू नका. आमच्या मावळात सत्तरीतही भातलावणीला उतरणारे आजोबा आहेत. पंचावन्नच्या बैठ्या, मधुमेही माणसापेक्षा ते ऑपरेशन बरे सोसू शकतात. मी विचारतो: एक जिना न थांबता चढता का? सहा महिन्यांत वजन किती उतरले? मग हृदय, किडनी, साखर आणि रक्तातले अल्ब्युमिन पाहतो. अल्ब्युमिन कमी म्हणजे अनेकदा पोषण खालावलेले किंवा शरीरात दाह चालू.

दुसऱ्या धोक्यासाठी सीटी स्कॅन आणि सीए १९-९ ही रक्ततपासणी. आकडा खूप जास्त असेल तर लपलेल्या प्रसाराची शंका येते. मात्र काविळीनेही तो वाढतो, म्हणून कावीळ उतरल्यावर पुन्हा तपासावा. काहींच्या शरीरात तो तयारच होत नाही, तेव्हा नॉर्मल आकड्यावरही विसंबू नये. शंका दाट असेल तर आधी दुर्बिणीने पोट तपासतात किंवा केमोथेरपी देतात. "ऑपरेशन टाळले" असे समजून चिडू नका.

रुग्णालयानेही फरक पडतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ही ऑपरेशने अगदी क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते, भरपूर होणाऱ्या ठिकाणी सुमारे ४. लोणावळ्याहून पुणे गाठा किंवा परळचे टाटा मेमोरियल, "वर्षाला अशी किती करता? ९० दिवसांत किती दगावतात?" हे विचाराच. चांगला सर्जन रागावत नाही.

काही धोके आपल्या हातात असतात. तंबाखू आणि मिश्री आजच बंद. रोज चालणे. अंडी, डाळी, दूध. तेलकट, चिकट शौच होत असेल तर डॉक्टरांना विचारून पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. मात्र यासाठी ऑपरेशन परस्पर पुढे ढकलू नका. आणि कावीळ 'उतरवून' घेण्यात आठवडे घालवू नका. न दुखणारी कावीळ, खाज आणि घटते वजन दिसताच सोनोग्राफी करा.

अजून एक. "बाबांना काही सांगू नका," असे मला बहुतेक मुले दाराआडून सांगतात. ऑपरेशन बाबांचे आहे. शंभरातले किती दगावतात हे आकड्यावरून कळते, त्यातले आपण कोण हे कळत नाही. तरीही जोखीम घ्यायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. सर्जनकडे जाताना त्यांना सोबत न्या, आणि सीटी स्कॅनची नुसती रिपोर्टची पाने नव्हे, सीडीही घ्या.