जखमा बांधणाऱ्यांच्या आया

नागपूरहून इटारसीकडे जाणारी रेल्वे आमच्या कळमेश्वरावरून जाते. उत्तरेकडच्या पुष्कळशा जलद गाड्या येथे थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री आम्ही तिघी बायका त्या फलाटावर एका न थांबणाऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो. गाडीत आमची मुले होती. तिघेही बारावीला जीवशास्त्र घेतलेले, एकाच भरतीत निवडले गेलेले, आणि लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात शुश्रूषा-सहायकाचे शिक्षण घ्यायला निघालेले. बापमाणसे पोचवायला नागपूरला गेली होती. आम्हांला सांगितले होते, रडारड नको, घरीच थांबा. मुलांनी मात्र गुपचूप कळवले होते की कळमेश्वर आले की आम्ही दारात उभे राहू.

गाडी आली, उजेडाच्या चौकटी भराभर सरकल्या, आणि गाडी गेली. कुणाचा हात दिसला आणि कुणाचा नाही, यावर आम्ही घरापर्यंत वाद घातला. त्या रात्रीपासून आम्ही तिघी एकमेकींच्या झालो.

मी इतिहासाची पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकले, मुलांना शिकवते आणि सवड मिळाली की कादंबऱ्या लिहिते. पण मुलगा ज्या वाटेने गेला, त्या वाटेने आधी कोण कोण गेले आणि त्यांच्या आयांनी दिवस कसे काढले, हे शोधावेसे वाटले. जे हाती लागले ते आधी त्या दोघींना सांगितले. आता वाचकांपुढे ठेवते.

एकीचा, संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या मावशींचा, पहिलाच प्रश्न असा होता : "बाई, माहा पोट्टा तिकडं बंदूक चालोते का मलमपट्टी करते?" प्रश्न भाबडा वाटला तरी जगातल्या राष्ट्रांना तो पडलेला आहे. 1864 साली जिनिव्हा येथे पहिला करार झाला आणि रणांगणावर जखमींची सेवा करणाऱ्यावर शस्त्र उचलू नये असे ठरले. 1949 च्या करारात हेही मान्य आहे की अशा सेवकाने स्वतःच्या व आपल्या रुग्णाच्या रक्षणापुरते शस्त्र बाळगावे. मावशींना मी म्हटले, "मलमपट्टीच करतो, पण मलमपट्टी करताना कोणी अंगावर आला तर?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे दोन्ही आलं."

आपल्याकडे या सेवेचा आरंभ मोठा मानाचा नव्हता. इंग्रजी अमदानीत डॉक्टरांची इंडियन मेडिकल सर्व्हिस वेगळी आणि जखमींना डोलीत घालून वाहणारे कहार वेगळे. हे कहार सैन्याबरोबर चालत, गोळ्यांखाली जात, पण शिपायांत त्यांची गणती नसे. 1920 साली डोलीवाले आणि रुग्णालयातले हरकामे एकत्र करून इंडियन हॉस्पिटल कोअर उभी राहिली. पुढे 3 एप्रिल 1943 रोजी तिची व डॉक्टरांच्या सेवांची मोट बांधून आजच्या कोअरचा पाया घातला गेला. "सर्वे सन्तु निरामयाः" हे तिचे बोधवाक्य. पुण्यात 1948 साली सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि 1962 पासून तेथे बारावीच्या वयाची मुले डॉक्टरकी शिकू लागली. पुढच्याच तुकडीत पुनीता अरोरा ही विद्यार्थिनी होती. 2004 साली ती लेफ्टनंट जनरल झाली, या देशातली त्या पदावरची पहिली स्त्री. डोली वाहणाऱ्या कहारापासून येथपर्यंतची ही वाट आहे. हे सारे कोअरच्या इतिहासात मिळते. घरी राहिलेली आई मात्र त्यात शोधून सापडत नाही.

एका ठिकाणी मात्र ती सापडली, आणि तीही आजीच्या हातून. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले. तेथून ते आईला पत्रे लिहीत. डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांनी कुत-अल-अमारा गावाला वेढा घातला, तो 29 एप्रिल 1916 ला शरणागती होईपर्यंत, म्हणजे 147 दिवस, चालला. कल्याणकुमार आत अडकले, मग कैदी झाले, आणि मार्च 1917 मध्ये रास-अल-ऐन येथे कैदेतच ज्वराने वारले. अकरा वर्षांनी, 1928 साली, त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, ऐंशीच्या घरात असताना नातवाचे चरित्र लिहून छापले. नाव 'कल्याण-प्रदीप'. त्यात आईला आलेली ती पत्रे आहेत. देशाभिमानाच्या नावाने चाललेल्या माणसामाणसांच्या कत्तलीला विटलेले एक डॉक्टराचे मन त्या पत्रांत दिसते.

मला राहून राहून त्या घरातल्या दोन बायका दिसतात. पत्रे आईच्या नावची, पुस्तक आजीचे. ऐंशीच्या वयात आजीने लेखणी उचलली नसती तर ती पत्रे एखाद्या पेटीत वाळवीच्या तोंडी पडली असती, आणि मेसोपोटेमियाच्या वाळूत मेलेल्या हजारोंत आणखी एक आकडा एवढीच त्या मुलाची ओळख उरली असती.

दुसरी हकीकत आपल्या घरची. 1938 साली चीनवर जपानचे आक्रमण चालू असताना काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. पाच डॉक्टर निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यांतले चोळकर आमच्या नागपूरचे, पथकात वयाने सर्वांत वडील. कोटणीस सोलापूरचे, 10 ऑक्टोबर 1910 चा जन्म, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. 1 सप्टेंबर 1938 रोजी बोट मुंबईहून सुटली. कोटणीस चीनमध्ये असतानाच सोलापूरला वडील वारले. मुलगा परत आला नाही. हाती घेतलेले काम सोडायचे नाही, असे त्याने ठरवले. बाकीचे चौघे पुढे परतले, हा एक राहिला.

कोटणीसांच्या शस्त्रक्रियांची वर्णने आपण शाळेपासून ऐकतो. त्यांच्या शिकवण्याचे बोलणे त्या मानाने कमी होते. डॉक्टर नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यवैद्य, शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचे निमित्त होऊन नोव्हेंबर 1939 मध्ये वारले. त्यांच्या नावाने उत्तर चीनच्या डोंगरात शाळा व रुग्णालय चालू होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या शाळेत शिकवू लागले आणि 1941 मध्ये रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्यापुढे बसणारी मुले सैन्यासाठी तयार होणारे वैद्य. सोलापुरात एक आई आपल्या मुलाची वाट पाहत होती, आणि तो मुलगा तिकडे दुसऱ्या आयांच्या मुलांना जखम कशी धुवावी, हाड कसे बसवावे, हे शिकवीत होता.

तेथेच कुओ चिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिकेशी त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 9 डिसेंबर 1942 रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. 1943 साली चौ एन-लाय यांनी कुटुंबाला सांत्वनाचे पत्र पाठवले. 1946 साली व्ही. शांताराम यांचा चित्रपट निघाला, त्यात सून तान्ह्या मुलाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. प्रत्यक्षात ती भारतात आली ती बऱ्याच वर्षांनी. ती पुन्हा पुन्हा येत राहिली आणि नवऱ्याच्या माणसांशी तिने नाते अखेरपर्यंत जपले.

कथा येथे संपते असे मला वाटत होते. पण तो यिनहुआ मोठा झाला आणि बापाच्याच वाटेने गेला. शिआन येथे लष्करी वैद्यकीय विद्यालयात तो शिकत होता. 1967 साली, शिक्षण पुरे होण्याआधीच, ऐन तारुण्यात तो वारला. चिंगलान पुढे 2012 पर्यंत जगल्या. सोलापुरात एका आईने सैनिकांचा वैद्य झालेला मुलगा गमावला, आणि त्याच घराच्या सुनेने पुढे तसाच मुलगा गमावला. एकीचे दुःख दुसरीला समजावून सांगायची गरज नव्हती. भाषा एक नसल्याने फारसे अडले असेल असे मला वाटत नाही.

हे मी त्या दोघींना सांगितले तेव्हा कारखान्याच्या वस्तीतल्या वहिनी रागावल्या. "मेलेल्यांच्याच गोष्टी काहून सांगता जी? आपली पोट्टे शिकून राहिली." त्यांचे खरे होते. पण मी त्या गोष्टी का शोधत होते, ते त्यांना सांगण्याचे धैर्य मला तेव्हा झाले नव्हते. आज लिहिते.

शिक्षण सुरू झाल्यावर मुलांचे फोन आठवड्याने येत, तेही रविवारी. आम्ही माझ्या ओसरीवर बसत असू. ज्या दिवशी एकीचा फोन आधी येई, ती दुसऱ्या दोघींच्या मुलांची विचारपूस करून मगच स्वतःचे बोले. हा नियम कुणी ठरवला नव्हता. एका रविवारी मावशींचा मुलगा बोलला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. माझ्या मुलाने मला हळूच सांगितले, "आई, तो तापाने दवाखान्यात आहे. पण त्यानं शपथ घातली, आईला सांगू नको म्हणून." रुग्णसेवा शिकायला गेलेला मुलगा स्वतःच खाटेवर पडला होता.

मी ते आठ दिवस पोटात ठेवले. मावशी रोज विचारायच्या आणि मी म्हणायची, "सराव चालू असेल." त्यांनी जेवण टाकले. कुतच्या वेढ्यात 147 दिवस मुलगा अडकला असताना त्या बंगाली आईचे घरी काय झाले असेल, हे मी त्याच रात्रींत वाचत होते. शेवटी राहवले नाही. रात्री वहिनींना सोबत घेऊन मावशींच्या घरी गेले आणि सांगितले.

मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या, आणि तुमाले इतकंही नाही समजलं? ताप आला म्हणून मी मरत नव्हती. कोणी सांगत नाही म्हणून मरत होती." त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला, आवाज खोल गेलेला पण हसता. त्या दिवशी संध्याकाळी मावशी पदरात संत्री घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसल्या.

तेव्हापासून आमच्यात एक गोष्ट ठरली आहे. बातमी कशीही असो, जिला आधी कळेल तिने दुसरीपासून लपवायची नाही. आणि सांगायला एकटीने जायचे नाही, तिसरीला घेऊन जायचे. मोठमोठ्या करारांत हे कलम नाही, पण कळमेश्वरात आम्ही ते पाळतो.

मुलांचे शिक्षण आता पुरे झाले आहे, तिघे तीन ठिकाणी आहेत. ती ठिकाणे येथे लिहीत नाही. मोक्षदादेवींचे स्मरण करून मी एक शंभर पानी वही घातली आहे. दर रविवारी कोणाचा फोन आला, काय म्हणाला, कोणी काय विचारले, हे तिघींच्या तोंडून ऐकून त्यात टिपते. मावशींना वाचता येत नाही. म्हणून त्यांचा मजकूर लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचून दाखवते, आणि कुठे चुकले असेल तर त्या मला दुरुस्त करायला लावतात.