उच्छ्वासाचा हिशोब

माणूस दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. त्यांतला एकही तो मोजत नाही. मोजायची वेळ येते ती पाण्याखाली. श्वास ही तिथे फुकटची गोष्ट उरत नाही. पाठीवर बांधून नेलेली ती शिदोरी असते.

आपण श्वासावाटे आत घेतो त्या हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो. बाहेर टाकतो त्या हवेतही तो शेकडा सोळाच्या घरात शिल्लक असतो. म्हणजे एका श्वासातला जेमतेम चौथा हिस्सा आपण वापरतो, बाकीचा तसाच परत करतो. जमिनीवर या उधळपट्टीचे कुणाला काही वाटत नाही. पण पाणबुड्या दहा मीटर खाली गेला की पाण्याचा दाब दुप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्ची पडते. नेहमीच्या स्कूबाच्या टाकीतली ही हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर निघून जाते. तेव्हा विचार असा पुढे आला, की हा उच्छ्वास वाया कशाला घालवायचा? त्यातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपला शाळेतला कर्बवायू, तेवढा काढून टाकावा, खर्च झालेला प्राणवायू थोडा थोडा भरत जावा आणि तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यावी. रीब्रीदर नावाच्या यंत्राचे सगळे तत्त्व एवढेच आहे. तोंडात धरायची तोटी, दोन नळ्या, एक पिशवी, प्राणवायूची बाटली आणि चुन्याचा डबा.

चुना म्हटले की आपल्याला पानाचा डबा आठवेल. पण शाळेतला एक प्रयोगही आठवून पाहा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की निवळी दुधाळ होते. चुना कर्बवायूला धरून ठेवतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींतला चुना वर्षानुवर्षे हवेतला हाच वायू पिऊन दगडासारखा कठीण झालेला असतो. या डब्यात असतात ते सोडा लाइमचे खडे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याच्या यंत्रालाही असाच डबा जोडलेला असतो. आपल्यापैकी कित्येकांनी या खड्यांतून गाळलेली हवा नकळत घेतली असेल.

या यंत्राचे पहिले चांगले वापरता येण्याजोगे रूप हेन्री फ्लूस या इंग्रज दर्यावर्दी माणसाने तयार केले. त्याने १८७८ साली पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात रबरी मुखवटा होता, हवेची पिशवी होती, तांब्याची टाकी होती आणि कर्बवायू शोषायला कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे होते. यंत्राची पहिली परीक्षा त्याने स्वतःवरच घेतली.

खरी कसोटी लागली ती १८८० साली. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या सेव्हर्न नदीच्या मुखाखालून ग्रेट वेस्टर्न रेल्वे बोगदा खणत होती. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीतला एक प्रचंड झरा फुटला आणि सगळे काम पाण्याखाली गेले. पळताना कामगारांकडून आतला लोखंडी दरवाजा उघडाच राहिला होता. तो बंद केल्याशिवाय पाणी उपसून हटणार नव्हते. विहिरीसारख्या खोल खड्ड्याच्या तळातून अंधाऱ्या, पाण्याने भरलेल्या, अवजारांनी आणि दगडांनी अडलेल्या वाटेने कोणीतरी सुमारे हजार फूट आत जायला हवे होते. अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या आधी नेहमीच्या पोशाखात, हवेची लांब नळी मागे ओढत गेला. नळी वर तरंगून बोगद्याच्या छताला घासू लागली आणि थोडे अंतर राहिले असताना त्याला परतावे लागले. मग फ्लूसला बोलावण्यात आले. त्याने स्वतः जाऊन पाहिले, पण तो काही सराईत पाणबुड्या नव्हता. शेवटी त्याचे यंत्र लॅम्बर्टने पाठीवर घेतले. पहिल्या फेरीत दरवाज्यात अडकलेला एक रूळ त्याने उखडला. दुसऱ्या फेरीत दुसरा रूळ काढला, दरवाजा लावला, शेजारच्या नळाची झडप सांगितली होती तितके आटे फिरवली आणि तो जिवंत परत आला.

पाणी मात्र अपेक्षेइतके झपाझप उतरेना. पुढे माणसे त्या दरवाज्यापर्यंत पोहोचली तेव्हा कोडे उलगडले. त्या झडपेचे आटे डावे होते. बंद झडप लॅम्बर्टने शौर्याने, अंधारात, सांगितल्याबरहुकूम फिरवून उघडून ठेवली होती! लॅम्बर्टचा यात काही दोष नाही. यंत्र चालले, माणूस चालला, हुकूमही तंतोतंत पाळला गेला. चुकली ती माहिती. या यंत्राचा पुढचा सगळा इतिहास मला या एका झडपेत दिसतो.

फ्लूसने पेटंट घेतले त्याच १८७८ साली फ्रान्समध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाबाखालचा शुद्ध प्राणवायू विषासारखा वागतो, त्याने आकडी येते, हे त्याने दाखवून दिले होते. ज्याच्यावाचून जगता येत नाही तेच प्रमाणाबाहेर गेले की मारते. गंमत अशी, की एकीकडे शुद्ध प्राणवायूवर चालणारे यंत्र जन्माला येत होते आणि दुसरीकडे त्याच्या धोक्याचा इशारा छापला जात होता. या दोहोंची नीट गाठ पडायला साठ वर्षे जावी लागली.

दरम्यान यंत्र सुधारत गेले. सीब गॉर्मन कंपनीच्या रॉबर्ट डेव्हिसने पाणबुडीतून सुटकेसाठी एक आटोपशीर रूप तयार केले आणि १९२९ साली ब्रिटिश नौदलाने ते स्वीकारले. दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळ ‘पोसायडन’ ही पाणबुडी बुडाली. तिच्या पुढच्या भागात अडकलेल्या आठ जणांपैकी निम्म्याहून अधिक या यंत्राने वाचले. मग आला १ जून १९३९. लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ या नव्याकोऱ्या पाणबुडीची चाचणी चालली होती. आत १०३ माणसे होती, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी तिला एक छोटी चाचणी-तोटी असते. ती उघडली. पाणी आले नाही. म्हणून आतले झाकण उघडले आणि समुद्र आत घुसला. तोटीचे भोक रंगाने बुजले होते. ९९ माणसे गेली. चार जण डेव्हिसच्या यंत्राने बाहेर पडले.

तपासणी झालीच नव्हती, असे इथे म्हणता येत नाही. झाली होती. पण तपासणीचे साधन तपासलेले नव्हते. ‘पाहिले’ आणि ‘दिसले’ यांतले अंतर किती, तर रंगाच्या एका थेंबाइतके.

या दुर्घटनेचा शोध घेण्यासाठी कामगार संघटनांनी ज्या शास्त्रज्ञाला गाठले तो पुढे आपल्या देशाचा नागरिक झाला. जे. बी. एस. हाल्डेन. त्याचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०५ साली सिद्ध केले होते, की श्वास घेण्याची ओढ आपल्याला लागते ती मुख्यतः कर्बवायू साठल्यामुळे. प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. मुलाने वडिलांचा मार्ग धरला. स्वतः आणि सोबतचे चौघे बंद कोठडीत बसले आणि कोंडलेल्या हवेत माणसाचे काय होते ते त्यांनी आपल्या शरीरावर पाहिले. पुढच्या प्रयोगांत प्राणवायूमुळे आलेल्या आकडीने त्याच्या पाठीचे मणके दुखावले. १९५७ साली हाल्डेन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्याने शेवटचा श्वास घेतला.

युद्धाने या यंत्राला वेगळेच महत्त्व दिले. त्यातून बुडबुडे निघत नाहीत, त्यामुळे शत्रूला सुगावा लागत नाही. १९४१ च्या डिसेंबरमध्ये सहा इटालियन पाणबुड्यांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौकांना सुरुंग लावले. ब्रिटिश नौदल खडबडून जागे झाले. केनेथ डोनाल्ड या डॉक्टरने १९४२ पासून दोन हजारांहून अधिक चाचणी-बुड्या घेतल्या. एका पाणबुड्याला आठवड्यातून दोनदा, तीन महिने, सत्तर फुटांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायूवर ठेवले गेले. एके दिवशी तो सातव्या मिनिटाला हरला आणि एके दिवशी १४८ मिनिटे टिकला. माणूस तोच, यंत्र तेच, दाबही तोच! टाकीच्या तळाशी दबा धरून बसलेल्या या संकटाला तिथल्या खलाशांनी नावच दिले होते, ‘ऑक्सिजन पीट’. आपल्याकडे विहिरीत आसरा असतात, तसा त्यांचा पीट. आज शुद्ध प्राणवायूसाठी सहा मीटरची मर्यादा सांगितली जाते, तिच्यामागे या स्वयंसेवकांच्या आकड्या आहेत. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

खुद्द जाक कुस्तोलाही तरुणपणी प्राणवायूच्या यंत्राने आकडी आली होती. त्याने तो नाद सोडला आणि १९४३ साली एमिल गान्याँबरोबर साध्या हवेचे ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केले. रीब्रीदर पुन्हा सामान्य पाणबुड्यांच्या हाती येऊ लागला तो प्राणवायू मोजणारे विजेचे संवेदक आल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. आता यंत्र स्वतःच मोजते आणि स्वतःच भरते. पण हे संवेदक म्हणजे एक प्रकारची बॅटरीच. वर्षभरात ते थकतात. म्हणून यंत्रात ते तीन बसवतात आणि बहुमत मानतात. तिन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच वयाचे असले, तर बहुमतही चुकू शकते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग आजचा शहाणा पाणबुड्या काय करतो? तो चुन्याचे खडे ताजे घेतो. डबा भरताना तो हळूहळू ओततो आणि थोपटत जातो, जुन्या काळी मापात धान्य भरत तसा, कारण मधे पोकळी राहिली तर हवा त्या चोरवाटेने न गाळता निघून जाते. डबा किती तास वापरला ते तो लिहून ठेवतो, आणि मुदत संपली की खडे फेकून देतो. वाळवले म्हणून ते पुन्हा कामाला येत नाहीत. सांध्यांतल्या रबरी कड्या तो पुसून, केस-कचरा पाहून बसवतो. त्यांना घरातले तेल किंवा ग्रीस लावत नाही, कारण दाबाखालच्या प्राणवायूशी तेलाची गाठ पडली की आग लागते. नळ्यांतल्या एकमार्गी झडपा उलट तर बसल्या नाहीत ना, हे तो फुंकून आणि ओढून पाहतो. सेव्हर्नची झडप इथे आठवावी. मग यंत्रातली हवा ओढून घेऊन तो थांबतो. चिमटलेली पिशवी तशीच राहिली पाहिजे. नंतर ती गच्च भरून पुन्हा थांबतो. ती सैल पडता कामा नये. थेंबभर गळतीसुद्धा खाली महागात पडते. पाणी चुन्यात शिरले तर तोंड भाजणारे क्षाराचे द्रावण नळीतून थेट घशाशी येते.

प्रत्येक बाटलीतला वायू तो स्वतः मोजतो, बाटल्यांची तोंडे उघडी आहेत का पाहतो, संवेदकांवरच्या तारखा वाचतो. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटे बसून, डोळे पडद्यावर ठेवून, यंत्रातून श्वास घेतो. पण एवढ्यावर तो विसंबत नाही. एका प्रयोगात चुना मुळीच नसतानाही काही जणांना पाच मिनिटांत काहीच जाणवले नाही. म्हणून तो छापील यादी हातात घेतो आणि जोडीदारासमोर मोठ्याने वाचतो. सोबत साध्या हवेची वेगळी टाकी नेतो, ती यंत्र रुसले तर. वर आल्यावर थकलेला असला तरी नळ्या आणि पिशवी धुतो, निर्जंतुक करतो, सुकवतो, कारण ओलसर उबेत आपल्याच श्वासातले जंतू वाढतात. आणि हे सारे तो त्या विशिष्ट यंत्राचे रीतसर शिक्षण घेऊनच करतो. कुणाचे भाषण ऐकून नव्हे, माझे तर नव्हेच.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? थोरल्या हाल्डेनचा शोध पुन्हा आठवा. आपले शरीर कर्बवायूबद्दल ओरडते, पण प्राणवायू कमी होत गेला तर ते गप्प बसते. कर्बवायू चुना गिळून टाकतो, म्हणजे ओरडणाराही उरत नाही. माणसाला गुदमरत नाही, घाबरत नाही, उलट कधी बरेच वाटते, आणि मग दिवा विझावा तशी शुद्ध जाते. जिथे शरीर साक्ष देत नाही, तिथे कागदावरची यादीच साक्षीदार होते.

कवितेच्या धंद्यात एका गोष्टीचा मला अनुभव आहे. शंभरदा वाचलेल्या ओळीतली चूक डोळ्यांना दिसत नाही. मोठ्याने वाचली की ती जिभेला अडखळते. पाणबुड्यांची यादी मोठ्याने वाचायची ती याचसाठी. सरावलेला डोळा जे आहे ते पाहत नाही, जे असायला हवे ते पाहतो. बंद झडप, मोकळी तोटी, भरलेला डबा. लॅम्बर्टपासून थेटिसपर्यंत सगळ्यांनी हेच पाहिले होते. म्हणून बोट झडपेवर ठेवावे, नाव उच्चारावे, आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नये. त्याला जेमतेम पंधरा मिनिटे लागतात. खाली तेवढी मिनिटे उसनी मिळत नाहीत.