टाळूचा सांधा आणि मळसूत्राची किल्ली

जिभेचा शेंडा टाळूवरून मागेंपुढें फिरविला असतां मधोमध एक बारीकशी रेघ जाणवते. तिच्याच वर जबड्याचीं दोन हाडें एकमेकांस जोडलेलीं असतात. लहानपणीं हा सांधा पक्का नसतो. जबडा अरुंद राहून दांत दाटीवाटीनें एकावर एक चढूं लागले, तर हा सांधाच उकलतां येईल काय, या प्रश्नावर दंतवैद्यांत शंभर वर्षें मतभेद राहिला.

दांतांची कमान रुंद करण्याची खटपट त्याहूनही जुनी. पॅरिसच्या पिएर फोशार यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत सोन्याच्या किंवा रुप्याच्या पट्टीला दोऱ्यानें दांत बांधून ते ओढून घेण्याची रीत दिली आहे. पण ती ओढ दांतांपुरतीच. कुंपणाचे खांब बाहेर कलले म्हणून आंतली जमीन वाढत नाहीं.

१८६० सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यानें निराळाच मार्ग धरिला. साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही बाजूंच्या उपदाढांमध्यें त्यानें मळसूत्र आडवें बसविलें आणि तें फिरविण्याची किल्ली तिच्याच हातीं दिली. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दांतांत फट पडली. त्या दांतांना तर मळसूत्राचा स्पर्शही नव्हता! तेव्हां उघडला तो हाडांचा सांधाच, असें एंजेलनें लिहिलें. ‘डेंटल कॉस्मॉस’ मासिकानें लेख छापला, पण त्यासोबत शंकाही छापली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून पस्तीस वर्षें होतीं. हाडांत काय घडलें हें त्यानें दाखवावें तरी कशानें?

वॉल्टर कॉफिन यानें १८८१ सालीं लंडनच्या वैद्यक परिषदेंत मधोमध चिरलेली रबरी पट्टी व तींत पियानोच्या तारेची कमान असें सौम्य साधन पुढें मांडलें. पुढें अमेरिकेंत एडवर्ड अँगलच्या मताचा अंमल बसला. दांत योग्य जागीं आणले कीं भोवतालचें हाड आपोआप वाढेल, असें तो मानी. एंजेलचें मळसूत्र तेथें अडगळींत पडलें. युरोपांत कांहींनी तें टाकलें नाहीं, इतकेंच.

एंजेलला पूर्ण न्याय मिळाला १९६१ सालीं. अँड्र्यू हास यानें डुकरांवर प्रयोग केले, मग मुलांवर उपचार केले. क्ष-किरणांच्या चित्रांत सांधा पुढें रुंद, मागें निमुळता असा उघडलेला दिसला. गंमत अशी कीं, त्याचा लेख अँगलचें नांव धारण करणाऱ्या नियतकालिकांतच आला. हासच्या साधनांत मळसूत्राच्या दोहों बाजूंस टाळूला टेकणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या गाद्या होत्या. त्यांनीं जोर हाडावर येतो, हें त्याचें म्हणणें. परंतु गादीखालीं अन्न अडके, टाळू हुळहुळे. म्हणून १९६८ सालीं बीडरमन यानें निव्वळ धातूचें, धुण्यास सोपें साधन काढलें. दोन्हींत एक पाव फेरा दिला कीं मळसूत्र सुमारें पाव मिलिमीटर उघडतें.

समोरची फट पाहून आई घाबरते. पण ती हिरड्यांतील तंतूंच्या ओढीनें कांहीं महिन्यांत आपोआप मिटते. साधन मात्र त्यानंतरही ठेवावें लागतें, कारण सांध्यांत नवें हाड भरण्यापूर्वीं तें काढलें तर जबडा पुन्हा आंत येतो. तारुण्यांत सांधा आवळत जातो. केव्हां, हें माणसागणिक निराळें. एकविसाव्या शतकांत प्रौढांसाठीं हा जोर दांतांऐवजीं टाळूच्या हाडांत रोवलेल्या बारीक स्क्रूंवर देऊं लागले. तेवढ्यानेंही सांधा न उकलला तर तो शस्त्रक्रियेनें सैल करावा लागतो.