योगशिक्षकाची पात्रता : गुरूची अनुज्ञा ते प्रशिक्षणाचे तास

योगशिक्षकाने प्रमाणपत्रधारक असावे, ही अपेक्षा अर्वाचीन आहे. गुरुपरंपरेत शिष्याने केव्हा शिकवावे हे गुरूच ठरवीत असे. त्यासाठी निश्चित कालमर्यादा नव्हती. महाराष्ट्रात आधुनिक योगशिक्षणाचा पाया घालणारे श्रीयोगेंद्र आणि स्वामी कुवलयानंद हे दोघेही गुजरातेतील मालसर येथील माधवदासजींचे शिष्य. दोघांपाशीही योगाची पदविका नव्हती. पुढील पदविकांचा उगम मात्र त्यांच्याच कार्यात शोधावा लागतो.

श्रीयोगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोवा येथे ‘द योगा इन्स्टिट्यूट’ स्थापन केली, तर कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम. अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम केलेल्या कुवलयानंदांचा पिंड अध्यापकाचा होता. उड्डियान व नौली या क्रियांचे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साहाय्याने परीक्षण केले आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून मांडले. क्रियेचे असे वस्तुनिष्ठ वर्णन उपलब्ध झाल्यावरच तिचा अभ्यासक्रमात समावेश करणे आणि तिच्यावर परीक्षा घेणे सुकर झाले. १९५० च्या दशकात लोणावळ्यास योग महाविद्यालय उभे राहिले ते याच भूमिकेतून.

याच काळात पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचा युरोपात शिष्यवर्ग वाढत होता. १९७० च्या सुमारास लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढशिक्षणात योगवर्गांना मान्यता दिली. तथापि अध्यापन आसन-प्राणायामापुरते ठेवावे, तत्त्वज्ञानात शिरू नये, अशी अट घातली. शिक्षकांची योग्यता ठरविण्याचे काम अय्यंगारांकडेच आले. गुरूची अनुज्ञा येथे प्रशासकीय दाखला बनली. या घटनेकडे योगेतिहासाच्या मराठी अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे, कारण अनुज्ञेचे रूप टिकले तरी तिची व्याप्ती सरकारी अटीने आखली गेली.

अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘योगा अलायन्स’ने २०० तासांचे किमान प्रशिक्षण हे मानक जगभर रूढ केले. ही मूलतः नोंदणीसंस्था. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र संबंधित योगशाळाच देते. भारतात २०१५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत ऐच्छिक प्रमाणन सुरू झाले आणि २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाने योग प्रमाणन मंडळ स्थापन केले. येथे लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा आहे, हा भेद महत्त्वाचा. परंतु योग शिष्टाचार प्रशिक्षकाच्या प्रारंभिक स्तरासाठी मंडळाने निश्चित केलेला अभ्यासक्रमही २०० तासांचाच आहे.