एक तबकडी उरली म्हणून

सत्तरच्या दशकात मुंबईत 'ॲटॉमिक फॉरेस्ट' नावाचा एक रॉक बँड होता. बासगिटार वाजवणारे कीथ कांगा त्याचे प्रमुख. बोर्ली पंचतनमध्ये सोडाच, मुंबईतही आज हे नाव फार कोणाला आठवणार नाही. तरी जगभरचे जुन्या तबकड्यांचे शौकीन या बँडची एकुलती एक एलपी हुडकत फिरत असतात. तिचं नाव 'ऑब्सेशन ७७'. ती ध्वनिमुद्रित झाली १९७७ साली आणि बाजारात आली १९८१ मध्ये. पहिली तीच आणि शेवटचीही तीच.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजी रॉकशी माझा काय संबंध, असं वाचक विचारतील. संबंध आहे, पण तो सांगण्याआधी त्या काळाबद्दल थोडं बोलू.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांतून आणि ब्लूजमधून 'सोल' संगीत उभं राहिलं. आत्म्याची हाक असं त्याचं नावच. १९६७-६८ च्या सुमारास त्यात विजेच्या गिटारचा विकृत केलेला, थरथरणारा, स्वप्नासारखा आवाज मिसळला. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'चा पहिला अल्बम १९६७ चा. त्या बँडमध्ये काळे-गोरे, स्त्री-पुरुष सगळे एकत्र होते. डेट्रॉइटच्या 'टेम्प्टेशन्स'नी १९६८ मध्ये 'क्लाउड नाइन' काढलं. यालाच पुढे सायकेडेलिक सोल म्हणू लागले. रॉकवाले ज्याला आपला मानतात तो जिमी हेंड्रिक्ससुद्धा आधी लिटल रिचर्ड आणि आयली ब्रदर्स यांच्यामागे गिटार वाजवत असे. म्हणजे तोही त्याच घरचा. ॲटॉमिक फॉरेस्टच्या एलपीवर हेंड्रिक्सचं 'फॉक्सी लेडी' आहे, ते उगाच नाही.

हे सगळं मुंबईत पोहोचलं कसं? तेव्हा परदेशी तबकडी, गिटार, ॲम्प्लिफायर आणणं म्हणजे जकातीचा डोंगर. तबकडी यायची ती कोणाच्या तरी सामानातून. पुढे तीच फिरत फिरत चोरबाजारात दिसायची. इथे आमच्या किनाऱ्याचा विषय येतो. श्रीवर्धन, दिघी, बोर्ली या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमान घरांत कोणी ना कोणी बोटीवर असायचंच, नंतर कोणी आखाताच्या नोकरीवर. माझे एक चाचा खलाशी होते. त्यांनी आणलेल्या जपानी टेपरेकॉर्डरवर आमच्या घरात कव्वाली, गझल आणि सिनेमाची गाणी वाजली. रॉक आम्ही ऐकला नाही. पण आवाज समुद्रावरून येतो, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

मुंबईतल्या तरुणांना या संगीतासाठी जागा मिळाली ती गमतीशीर ठिकाणी. 'सिमला' या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' स्पर्धा व्हायची आणि १९७० व १९७१ सालच्या तिच्या तबकड्याही निघाल्या. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन गायले-वाजवून गेले. १९७४ मध्ये ॲलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' रंगमंचावर आणलं. त्यात येशू होते मधुकर चंद्र दास, ॲटॉमिक फॉरेस्टचे गायक. आणि जुडास होते नंदू भेंडे.

नंदू भेंडे म्हटलं की मराठी वाचक सावरून बसतील. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. तेही ॲटॉमिक फॉरेस्टबरोबर गायले. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली केलं. जर्मन ब्रेख्तचं नाटक, त्यालाही आधार अठराव्या शतकातल्या इंग्रजी संगीतिकेचा. त्यात नंदू भेंडे यांचा रॉकमध्ये तयार झालेला गळा मराठीत घुमला. इंग्रजीत गाणारी ही मुलं मुळापासून तुटलेली होती, असं जे सरसकट बोललं जातं, ते या एका उदाहरणाने ढासळतं. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले.

मग तबकडीचं काय झालं? १९८१ पर्यंत हवा पालटली होती. १९८० च्या 'कुर्बानी'त नाझिया हसनचा आवाज घराघरात गेला आणि १९८१ मध्ये तिचा 'डिस्को दीवाने' आला. संगीतकार बिद्दू, मूळचा बंगळूरचा. आखातातून आलेल्या कॅसेटींमधून ही गाणी आमच्या मोहल्ल्यातही वाजली. ती हिंदी-उर्दूत होती, म्हणून लोकांनी आपली मानली. चार वर्षं उशिरा आलेल्या ॲटॉमिक फॉरेस्टच्या इंग्रजी तबकडीला या गर्दीत कोण विचारणार? पण २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने ती पुन्हा काढली आणि जगाने मुंबईचा हा आवाज ऐकला.

यातली खरी गोष्ट मला वेगळी वाटते. हा बँड वर्षानुवर्षं रात्रीमागून रात्री वाजत होता. त्या रात्री हवेत विरल्या. जे तबकडीवर उतरलं तेवढंच उरलं, आणि तेवढ्यावर आज त्यांची किंमत ठरते. चांगलं होतं म्हणून ते टिकलं असं नाही. कोणीतरी मुद्रित केलं म्हणून टिकलं. इतिहास असाच असतो, वह्यांमध्ये सापडतो तेवढाच.

आमच्या गावांत लग्नाच्या आधी हळदीला बायका कोकणी बोलीत गाणी म्हणायच्या. नवरीची थट्टा, बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट, सासूला टोमणे, मध्येच दुआ. माझ्या नानीला अशी कितीतरी पाठ होती. ती गेली तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटीही होत्या. पण बायकांचं गाणं टेप करण्यासारखं असतं, असं घरातल्या एकाही पुरुषाला वाटलं नाही. आता हळदीला डीजे असतो आणि ती गाणी म्हणणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

ॲटॉमिक फॉरेस्टला उशिरा का होईना, एक कंपनी भेटली. आमच्या नानींना कंपनी भेटणार नाही. म्हणून यंदा मी नववीच्या मुलामुलींना सुट्टीचा अभ्यास दिला आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईसमोर मोबाइल ठेवायचा, तिला एक गाणं म्हणायला सांगायचं, तिचं नाव, गाव आणि ते गाणं ती कोणाकडून शिकली ते वहीत लिहायचं. सूर चुकला तरी चालेल, मध्ये कोंबडा आरवला तरी चालेल. आतापर्यंत अकरा गाणी जमली आहेत.